एनरिको फर्मी : अणुभट्टीला सबुरी शिकवणारा शास्त्रज्ञ

२ डिसेंबर १९४२ची सकाळ. शिकागो विद्यापीठाच्या स्टॅग फील्ड या मैदानाच्या प्रेक्षकसज्जाखाली एक जुने स्क्वॉश कोर्ट होते. तिथे ग्राफाइटच्या काळ्या ठोकळ्यांचा एक प्रचंड ढीग रचून ठेवला होता. त्याच्या आत युरेनियम होते. ढिगाला ना थंड करणारी यंत्रणा होती, ना किरणोत्सार अडवणारी भिंत. बाहेर गजबजलेले शहर होते.

साडेअकराच्या सुमारास मोठा आवाज झाला आणि सगळे दचकले. ढिगातला एक सुरक्षा दांडा आपोआप आत जाऊन आदळला होता. बिघाड काहीच नव्हता. दांडा ज्या पातळीला पडायचा, ती पातळी जरा जास्तच खाली ठरवली गेली होती, एवढेच. प्रयोगाचा प्रमुख अगदी शांत होता. त्याने सर्व दांडे आत घालून कुलूपबंद करायला सांगितले आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. इतिहासातली पहिली मानवनिर्मित अणुसाखळी सुरू व्हायला काही तासच उरले होते आणि एनरिको फर्मी जेवायला निघाले होते.

ही गोष्ट अनेकदा गमतीने सांगितली जाते. पण अणुभट्टीच्या सुरक्षेचे मूळ सूत्र तिच्यात आहे. अणुभट्टीत शक्तीची अचानक उसळी आली, तर माणूस तिच्या मागे धावून तिला पकडू शकत नाही. ती येण्याआधीच थांबायची जागा ठरवून ठेवावी लागते.

रोममधला मुलगा

फर्मी यांचा जन्म २९ सप्टेंबर १९०१ रोजी रोममध्ये झाला. वडील अल्बर्टो रेल्वे खात्यात नोकरीला होते आणि आई इडा शाळेत शिकवत असे. तीन भावंडांत एनरिको सर्वांत धाकटे. त्यांच्याहून एक वर्षाने मोठा असलेला ज्युलिओ हा त्यांचा भाऊही होता आणि सवंगडीही. दोघे मिळून विजेच्या मोटारी बनवत. १९१५ साली घशातल्या गळवावरच्या एका किरकोळ शस्त्रक्रियेच्या वेळी ज्युलिओचा मृत्यू झाला. एनरिको तेव्हा १३ वर्षांचे होते. आधीच अबोल असलेला हा मुलगा पुस्तकांत बुडाला.

रोमच्या जुन्या बाजारात त्यांना भौतिकशास्त्राचे एक पुस्तक मिळाले. ते लॅटिनमध्ये होते, तरीही त्यांनी ते वाचून काढले. वडिलांचे सहकारी अडोल्फो अमिदेई यांनी मुलाची हुशारी ओळखली आणि गणिताची एकेक अवघड पुस्तके त्याला दिली. १९१८ साली पिसा येथील प्रसिद्ध संस्थेच्या प्रवेश परीक्षेत फर्मींनी ध्वनीवर जो निबंध लिहिला, तो पाहून परीक्षक चकित झाले. १९२२ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. १९२६ साली त्यांनी कणांच्या वागणुकीचे गणित मांडले. ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्याच वर्षी ते रोम विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्यांच्याभोवती तरुण शास्त्रज्ञांचा एक गट जमला. एमिलिओ सेग्रे, एदोआर्दो अमाल्दी, फ्रांको रासेत्ती ही त्यातली काही नावे. केंब्रिजमध्ये शिकणारे मुंबईचे होमी भाभा यांनीही १९३०च्या दशकात काही काळ रोमला येऊन फर्मींबरोबर काम केले. फर्मी सिद्धांत मांडण्यात आणि प्रयोग करण्यात सारखेच तरबेज होते. असे जमणारे शास्त्रज्ञ फार थोडे. त्यांची आणखी एक सवय होती. कोणताही प्रयोग करण्याआधी उत्तर साधारण किती येईल, याचा ते अंदाज बांधत. शिकागोत पियानो जुळवणारे किती असतील, असे वरवर विचित्र वाटणारे प्रश्न ते विद्यार्थ्यांना घालत. हाताशी माहिती थोडी असली, तरी पायरी पायरीने उत्तराच्या जवळ जाता येते, हे त्यांना दाखवायचे असे.

पॅराफिनने दिलेली किल्ली

१९३४ साली रोमच्या या गटाने एकामागून एक मूलद्रव्यांवर न्यूट्रॉनचा मारा सुरू केला. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो अणूच्या केंद्रकात सहज शिरतो. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांना एक गोष्ट खटकली. लाकडी टेबलावर केलेल्या प्रयोगाचे निकाल संगमरवरी टेबलावरच्या निकालांहून वेगळे येत होते. फर्मींनी न्यूट्रॉनच्या वाटेत पॅराफिन मेण ठेवून पाहिले. किरणोत्सार एकदम कित्येक पटींनी वाढला.

कारण त्यांच्या लगेच लक्षात आले. मेणात हायड्रोजन भरपूर असतो. हायड्रोजनचे केंद्रक साधारण न्यूट्रॉनइतक्याच वजनाचे असते. कॅरमच्या सोंगट्या एकमेकींवर आपटल्या की धावणारी सोंगटी मंदावते, तसा न्यूट्रॉनही हायड्रोजनवर आदळत आदळत मंद होतो. मंद न्यूट्रॉन केंद्रकाच्या जवळ जास्त वेळ रेंगाळतो, म्हणून पकडलाही सहज जातो. पुढच्या प्रत्येक मंदक वापरणाऱ्या अणुभट्टीचा पाया इथे घातला गेला.

याच प्रयोगांत फर्मींची एक मोठी चूकही झाली. युरेनियमवर न्यूट्रॉन सोडल्यावर जे पदार्थ मिळाले, ती युरेनियमच्या पलीकडची नवी मूलद्रव्ये आहेत, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात युरेनियमचे केंद्रक दुभंगले होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ इडा नोडाक यांनी तशी शक्यता लिहून दाखवली होती, पण तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९३८च्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमन यांच्या प्रयोगांतून विखंडन उघड झाले, तेव्हा फर्मींना आपली चूक समजली. इतक्या काटेकोर माणसाच्या नजरेतूनही इतकी मोठी गोष्ट चार वर्षे निसटली होती.

त्याच १९३८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुसोलिनीच्या राजवटीने फर्मींना मानसन्मान दिले होते आणि फर्मींनीही ते स्वीकारले होते. पण त्या वर्षी इटलीत ज्यूविरोधी कायदे आले. फर्मींच्या पत्नी लॉरा ज्यू कुटुंबातल्या होत्या. डिसेंबरमध्ये पारितोषिक घेण्यासाठी कुटुंब स्टॉकहोमला गेले आणि तिथून रोमला न परतता थेट अमेरिकेला निघाले. २ जानेवारी १९३९ रोजी पती, पत्नी आणि दोन मुले न्यूयॉर्कला उतरली.

उसळी म्हणजे नेमके काय?

युरेनियमचे केंद्रक फुटले की उष्णता निघते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉनही बाहेर पडतात. त्यांतल्या एकाने दुसरे केंद्रक फोडले, त्यातल्या एकाने तिसरे, की साखळी चालू राहते. दर पिढीला जितके न्यूट्रॉन होते तितकेच पुढच्या पिढीत आले, तर शक्ती स्थिर राहते. थोडे जास्त आले तर वाढते, थोडे कमी आले तर विझत जाते.

इथे धोका वेळेचा असतो. ग्राफाइटच्या ढिगात न्यूट्रॉनची एक पिढी सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात संपते. म्हणजे एका सेकंदात सुमारे हजार पिढ्या होतात. दर पिढीला शेकडा एक जरी वाढ झाली, तरी चक्रवाढीने एका सेकंदात शक्ती वीस हजार पटींच्या पुढे जाईल. बटण दाबायला माणसाचा हात पोचेपर्यंत सगळे संपलेले असेल.

मग अणुभट्टी चालवता येते ती कशी? याचे उत्तर १९३९ सालीच वॉशिंग्टनमध्ये रिचर्ड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडले होते. फुटलेल्या केंद्रकातून सगळे न्यूट्रॉन एकाच वेळी निघत नाहीत. मंद न्यूट्रॉनांनी फोडलेल्या युरेनियम-२३५मध्ये दर हजारांतले साधारण साडेसहा न्यूट्रॉन मागे राहतात. हे उशिराचे न्यूट्रॉन विखंडनातून उरलेल्या तुकड्यांमधून काही क्षणांनी, तर काही मिनिटभरानेही बाहेर पडतात.

हजारांत साडेसहा म्हणजे किरकोळच. पण वाढ या मर्यादेच्या आत ठेवली, तर साखळीला पुढे जाण्यासाठी या उशिरा येणाऱ्यांची वाट पाहावी लागते. मग शक्ती वाढते ती सेकंदांच्या, मिनिटांच्या चालीने. वाढ या मर्यादेपलीकडे गेली, की साखळीला उशिरा येणाऱ्यांची गरजच उरत नाही. ती तत्काळ न्यूट्रॉनांवरच उधळते. अणुभट्टीच्या शास्त्रात उसळीचा सर्वांत मोठा धोका म्हणतात तो हाच. फर्मींनी सगळी आखणी या छोट्याशा फटीच्या आत राहण्यासाठी केली.

शहरातला ढीग

कोलंबिया विद्यापीठात लिओ झिलार्ड, वॉल्टर झिन आणि हर्बर्ट अँडरसन यांच्याबरोबर फर्मींनी ग्राफाइटचे छोटे ढीग रचून मोजमापे घेतली. १९४२ साली सगळे काम शिकागोला हलले. खरी अणुभट्टी शहराबाहेर अर्गोनच्या जंगलात बांधायची होती. पण तिथल्या बांधकाम कामगारांच्या संपामुळे इमारत रखडली. तेव्हा विद्यापीठातच ती उभारता येईल, असे फर्मींनी प्रकल्पप्रमुख आर्थर कॉम्प्टन यांना सुचवले. उशिराच्या न्यूट्रॉनांमुळे शक्ती हळूहळूच वाढेल आणि ती थांबवायला पुरेसा वेळ मिळेल, असे त्यांचे गणित होते. कॉम्प्टन यांनी परवानगी दिली, पण विद्यापीठाच्या अध्यक्षांना त्याची कल्पना दिली नाही. एका शहराचे भवितव्य एका माणसाच्या गणितावर सोडले गेले होते. गणित बरोबर होते. तरीही आज कोणतीही नियामक संस्था असा निर्णय मान्य करणार नाही.

१६ नोव्हेंबरला रचाई सुरू झाली. सुमारे ४५,००० ग्राफाइटचे ठोकळे आणि युरेनियमचा धातू व ऑक्साइड मिळून चाळीस टनांहून अधिक माल लागला. झिन आणि अँडरसन यांच्या दोन तुकड्या दिवसपाळी आणि रात्रपाळी करत. काम करणाऱ्यांचे चेहरे ग्राफाइटच्या भुकटीने काळे होत. काही थर चढले की न्यूट्रॉन मोजले जात. लिओना वूड्स या तरुण शास्त्रज्ञेने बनवलेली मोजणीयंत्रे त्यासाठी वापरली जात.

प्रत्येक मोजणीनंतर फर्मी आलेखावर एक बिंदू मांडत. ढीग वाढेल तशी न्यूट्रॉनांची संख्या वाढते, म्हणून ते तिचा व्यस्त आकडा घेत. तो शून्याकडे सरकत जातो. रेषा पुढे वाढवली की साखळी कोणत्या थराला सुरू होईल, ते तिथे पोचण्याआधीच दिसते. ५७ थर पुरतील, असे रेषेने दाखवले. १ डिसेंबरच्या रात्री ५७वा थर पूर्ण झाला. पाळी अँडरसन यांची होती. दांडे काढले असते तर त्या रात्रीच साखळी सुरू झाली असती. पण तसे करायचे नाही, असे वचन फर्मींनी त्यांच्याकडून आधीच घेतले होते. अँडरसन यांनी दांडे कुलूपबंद केले आणि ते घरी गेले. नव्या किंवा इंधन बदललेल्या अणुभट्टीत आजही हीच आलेखाची पद्धत वापरतात.

२ डिसेंबरची दुपार

साखळी रोखण्यासाठी कॅडमियम लावलेले दांडे होते, कारण कॅडमियम न्यूट्रॉन गिळतो. एक दांडा जॉर्ज वाइल हाताने मागे-पुढे करत. दुसरा मोटारीवर चालणारा होता. न्यूट्रॉन ठरावीक पातळीवर पोचले की तो आपोआप आत जाई. तिसरा दोरीने सज्जाच्या कठड्याला बांधलेला होता. दोरी सोडली की तो आपल्याच वजनाने आत पडे. गरज पडल्यास दोरी तोडायला नॉर्मन हिल्बेरी कुऱ्हाड घेऊन उभे होते. हे सगळे फसले तर ढिगाच्या वरच्या बाजूला तीन तरुण कॅडमियमचे द्रावण ओतायला तयार होते. अडवण्याचे चार मार्ग होते. त्यांतला एक तर मोटार आणि वीज दोन्ही नसतानाही चालणारा होता. एक उपाय फसला तर दुसरा त्याच कारणाने फसू नये, हा आजचा नियम तेव्हाच त्या कोर्टात पाळला गेला होता.

जेवणानंतर काम पुन्हा सुरू झाले. वाइल दांडा थोडा बाहेर ओढत. आता काटा इथपर्यंत चढेल आणि थांबेल, असे फर्मी आधी सांगत. काटा तिथेच थांबे. फर्मी खिशातल्या छोट्या सरकपट्टीवर हिशोब करत आणि पुढची पायरी सांगत. अंदाज आणि मोजमाप जुळल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा नियम होता. ३ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास दांडा आणखी एक फूट बाहेर आला. यावेळी काटा थांबला नाही. तो चढतच राहिला.

न्यूट्रॉन दर दोनेक मिनिटांनी दुप्पट होत होते. दर पिढीला १०,०००च्या जागी १०,००६ न्यूट्रॉन तयार होत होते. धोक्याची रेषा १०,०६५च्या आसपास होती. म्हणजे मिळालेल्या फटीचा जेमतेम दहावा भाग फर्मींनी वापरला होता. २८ मिनिटांनी, ३ वाजून ५३ मिनिटांनी, त्यांनी प्रयोग थांबवला. शक्ती होती फक्त अर्धा वॅट. विजेरीचा लहानसा दिवाही तिच्यावर नीट पेटला नसता. युजीन विग्नर यांनी आणलेली इटालियन वाइन सर्वांनी कागदी पेल्यांतून घेतली.

झेनॉनचा धडा

१९४४च्या सप्टेंबर महिन्यात वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे प्लुटोनियम बनवणारी पहिली मोठी भट्टी सुरू झाली. फर्मी तिथे हजर होते. काही तास सगळे ठीक चालले, मग शक्ती आपोआप घसरू लागली आणि भट्टी विझली. काही तासांनी ती पुन्हा जिवंत झाली आणि पुन्हा विझली. विखंडनातून तयार होणारा झेनॉन-१३५ हा वायू न्यूट्रॉन अधाशासारखा गिळत होता. जॉन व्हीलर आणि फर्मी यांनी हे कारण शोधले. अभियंत्यांनी आराखड्यात १,५०० ऐवजी २,००४ इंधननळ्यांची सोय करून ठेवली होती. जास्तीचे इंधन भरून भट्टी चालू करता आली.

फर्मींच्या अंदाजात हा वायू नव्हता. अभियंत्यांनी राखलेल्या मोकळीकीने प्रकल्प वाचवला. गणित कितीही पक्के असले तरी त्यात न धरलेले काहीतरी असू शकते. म्हणून गणिताच्या पलीकडे आणखी थोडी जागा ठेवायची असते.

हातातला स्क्रूड्रायव्हर

१९४४च्या उन्हाळ्यानंतर फर्मी लॉस अलामोस येथे अणुबाँबच्या कामात गेले. १६ जुलै १९४५च्या पहिल्या चाचणीवेळी त्यांनी कागदाचे कपटे हवेत सोडले. धक्क्याच्या लाटेने ते किती दूर उडाले, ते मोजून स्फोटाचा अंदाज बांधला. बाँब जपानवर वापरावा, अशी शिफारस करणाऱ्या चार शास्त्रज्ञांच्या सल्लागार समितीतही ते होते. अणुभट्टीबाबतची त्यांची सावधगिरी सांगताना ही गोष्ट वगळता येत नाही.

लॉस अलामोस येथे प्लुटोनियमचे गोळे हाताने जुळवून ते धोक्याच्या रेषेच्या किती जवळ जातात, हे पाहिले जाई. २१ ऑगस्ट १९४५ रोजी हॅरी डॅघलियन यांच्या हातून एक जड वीट अशा गोळ्यावर पडली. २५ दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. तरीही हाताने प्रयोग चालूच राहिले. लुई स्लोटिन यांत निष्णात होते. बेरिलियमच्या दोन अर्धगोलांच्या मध्ये प्लुटोनियम ठेवून वरचा अर्धगोल ते स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर तोलत. असेच करत राहिल्यास वर्षभरही जगणार नाहीस, असा इशारा फर्मींनी त्यांना दिला होता, असे सांगतात. २१ मे १९४६ रोजी स्क्रूड्रायव्हर निसटला. गोळा तोच होता, डॅघलियन यांच्या हातातला. निळसर प्रकाश चमकला. स्लोटिन यांनी हाताने अर्धगोल झटकून बाजूला केला, पण तोवर उसळी येऊन गेली होती. नऊ दिवसांनी ते वारले. खोलीत आणखी सात जण होते. त्यानंतर असे प्रयोग दूरच्या खोलीतून, यंत्राच्या हातांनीच होऊ लागले.

शिकागोत दर पायरीला अडवणारी यंत्रणा होती. इथे माणसाचे बोट हीच एक अडवणारी गोष्ट होती. दोन्ही प्रयोगांतला फरक इतकाच होता.

शेवटची वर्षे

युद्धानंतर फर्मी शिकागो विद्यापीठात परतले. यांग आणि ली यांच्यासारखे पुढे नोबेल मिळवणारे विद्यार्थी त्यांच्या वर्गात होते. चंद्रशेखर हे भारतात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ त्यांचे सहकारी होते. १९५३ साली दोघांनी मिळून आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्रांवर शोधनिबंधही लिहिले. १९४९ साली हायड्रोजन बाँब बनवावा की नाही, हा प्रश्न सरकारी समितीपुढे आला. तेव्हा इसिडोर राबी यांच्याबरोबर फर्मींनी नैतिक कारणे देऊन त्याला लेखी विरोध केला.

या काळात अणुभट्ट्या अनेक देशांत पसरत होत्या. १२ डिसेंबर १९५२ रोजी कॅनडातील चॉक रिव्हर येथील एनआरएक्स या संशोधन भट्टीत उसळी आली. तळघरात चुकीच्या झडपा उघडल्या गेल्याने काही दांडे वर आले होते. ते पुन्हा खाली गेल्याचे दिव्यांनी दाखवले, पण ते पूर्ण गेले नव्हते. त्यातच फोनवरचा निरोप चुकला आणि भलतेच बटण दाबले गेले. जड पाणी काढून टाकल्यावरच शक्ती उतरली. लाखो लिटर दूषित पाणी तळघरात साचले. भट्टी साफ करण्यासाठी आलेल्यांत जिमी कार्टर नावाचा तरुण नौदल अधिकारी होता. तो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. धडा जुनाच होता. दांडा आत गेल्याचा दिवा लागणे वेगळे आणि दांडा खरोखर आत जाणे वेगळे.

१९५४च्या उन्हाळ्यात फर्मी युरोपात व्याख्याने देत होते. तेव्हाच त्यांची प्रकृती ढासळली होती. शिकागोला परतल्यावर पोटाचा कर्करोग निघाला. तो शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला होता. भेटायला गेलेल्या सेग्रे यांना ते नळीतून येणाऱ्या अन्नाचे थेंब घड्याळ लावून मोजताना दिसले. २८ नोव्हेंबर १९५४ रोजी, वयाच्या ५३व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १००व्या मूलद्रव्याला त्यांच्या स्मरणार्थ फर्मियम हे नाव मिळाले.

फर्मींनंतर

फर्मी युरोपात असतानाच त्यांचे जुने सहकारी वॉल्टर झिन आयडाहोच्या वाळवंटात एक अजब प्रयोग करत होते. स्क्वॉश कोर्टमधला दोरीला बांधलेला दांडा ज्यांनी सांभाळला होता, तेच हे झिन. बोरॅक्स नावाच्या छोट्या, पाण्यात बसवलेल्या भट्टीचा दांडा ते मुद्दाम झटक्यात बाहेर काढत. पाणी उकळून वाफ होई, मंदक कमी पडे आणि उसळी आपोआप विझे. २२ जुलै १९५४ रोजी मुद्दाम मर्यादा ओलांडली गेली. उसळी अपेक्षेपेक्षा मोठी निघाली आणि भट्टी फुटून तिचे तुकडे उडाले. पाणी आपल्याला वाचवते, पण कुठपर्यंत, हे आता मोजून कळले होते.

सात वर्षांनी, ३ जानेवारी १९६१ रोजी, आयडाहोमधल्याच एका लहान लष्करी भट्टीत देखभालीच्या वेळी मधला दांडा हाताने प्रमाणाबाहेर वर ओढला गेला. काही सहस्रांश सेकंदांत उसळी आली आणि तिच्यामुळे तीन जणांचे प्राण गेले. त्यानंतर एक नियम पक्का झाला. कोणताही एकच दांडा पूर्ण बाहेर आला, तरी बंद भट्टी सुरू होता कामा नये.

सर्वांत सुंदर उत्तर मात्र रोमच्या पॅराफिनशी जोडलेले आहे. १९५६ साली फर्मींचे मित्र एडवर्ड टेलर आणि तरुण फ्रीमन डायसन यांच्या गटाने ट्रायगा नावाची संशोधन भट्टी आखली. अट अशी होती, की विद्यार्थ्यांच्या हातून सगळे दांडे एकदम बाहेर आले तरी काही बिघडू नये. त्यांनी मंदकाचे काम करणारा हायड्रोजन इंधनातच मिसळला. उसळी आली की इंधन आणि हायड्रोजन एकाच वेळी तापतात. तापलेला हायड्रोजन न्यूट्रॉनला पुरेसे मंद करू शकत नाही, उलट त्याला वेग देतो. साखळी सहस्रांश सेकंदांत स्वतःच ओसरते. हायड्रोजन न्यूट्रॉनला मंद करतो, हे १९३४ साली फर्मींनी दाखवले होते. तापलेला हायड्रोजन ते काम सोडून देतो, हे ट्रायगाने सुरक्षेसाठी वापरले.

४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे भाभांच्या नेतृत्वाखाली अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. तीही पाण्याच्या टाकीत बसवलेली होती. तिची नवी आवृत्ती २०१८ साली त्याच जागी सुरू झाली. अशा कोणत्याही भट्टीसाठी आज जो सुरक्षा अहवाल तयार होतो, त्यात काही ठरावीक प्रश्न असतात. चुकून जास्तीत जास्त किती वाढ होऊ शकते? ती किती वेगाने होईल? इंधन आणि पाणी तापून ती स्वतः थांबेल का? तोवर इंधनाचे आवरण किती तापेल? एक दांडा अडकला तर बाकीचे पुरतील का? उत्तरे आता संगणक काढतो.

सरकपट्टी गेली, पण पद्धत तीच राहिली. आधी अंदाज, मग छोटी पायरी, मग मोजमाप. दोन्ही जुळले नाहीत, तर दांडे आत घालायचे आणि जेवायला जायचे.